बिनसमुद्राची चौपाटी

समुद्र पाहिला नव्हता तोवर मी समुद्राबद्दल फार बोलत असे. पाहिल्यावर बोलणं कमी झालं. माझ्या ओळखीच्या पुढाऱ्यांचं मात्र याच्या अगदी उलट झालं.

घरात माझा एक जुना फोटो आहे. नदीच्या काठावर नायलॉनची साडी नेसलेली, काळा गॉगल घातलेली एक बाई पाण्याकडे पाठ करून उभी आहे. चेहरा असा, की नदी तिच्या हुकमावरून वाहते आहे. नातवंडं विचारतात, "आजी, ही हिरोईन कोण?" ती मीच. मॅट्रिक पास, महिला मंडळाची अध्यक्ष, आणि अक्कल आर्वीच्या एस.टी.त विसरून आलेली. तिच्याबद्दल बोलता येईल तेवढं वाईट मी इथे बोलून घेणार आहे, कारण ती आता उलट उत्तर देऊ शकत नाही. त्या काळी फार द्यायची.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी या गावी आले. आर्वीच्या अलीकडे, वर्धा नदीच्या काठावर. सासरची माणसं भाजीपाला पिकवणारी. कोरडवाहू शेताचा एक तुकडा होता, पण घर चालायचं ते नदीच्या पात्रातल्या वाडीवर. पूर ओसरला, दिवाळी झाली, की पात्रात उघड्या पडलेल्या गाळावर आणि रेतीवर काकड्या, दोडकी, कारली, डांगरं लावायची. उन्हाळाभर विकायची, आणि पावसाळ्याआधी सगळं गुंडाळून वर यायचं.

पात्र सरकारचं, म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे दर वर्षी भांडणाचं. कोणत्या घराने कोणता पट्टा घ्यायचा हे बसून ठरायचं. पण बसण्याच्या आधीच माझ्या सासूबाईंनी ठरवलेलं असायचं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. पूर ओसरताच त्या पहाटे एकट्या पात्रात उतरत आणि जिथे गाळ सगळ्यात चांगला, तिथे आपलं नऊवारी लुगडं धुऊन वाळत टाकत. म्हाताऱ्या बाईच्या वाळत्या लुगड्यावरून पाय टाकून कुणी पुरुष जात नाही. लुगडं वाळायला दिवस घेई. तोवर पट्टा आत्याबाईंचा झालेला असे. शेजारचे चरफडत, "बुढीनं पुन्हा लुगडं टाकलं वं माय!" आत्याबाई म्हणत, "मंग काय ओलं नेसून फिरू?"

अशी ही बाई. बाजारात दोन नासक्या काकड्या तळाशी लपवून विकणारी. तिला मी देवी वगैरे करणार नाही. पण एका बाबतीत ती वाकत नसे. पुराचं पाणी जिथवर चढतं, तिथून खाली खिळा ठोकायचा नाही. झोपडी करायची ती तुरीच्या तुराट्यांची, मांडव कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, आणि सगळं अंबाडीच्या दोराने बांधायचं. गाठी मारायच्या. खुंटीसुद्धा हाताने रोवायची, दगडाने हाणायची नाही. गावातल्या सगळ्याच वाडीवाल्यांचा हा रिवाज होता.

मी नवी होते तेव्हा एकदा मांडवाच्या लाकडी बल्लीला खिळा ठोकायला गेले. आत्याबाईंनी हातोडा हिसकला.

"खिळा काऊन ठोकून राह्यली?"

"मजबूत होईल ना, आत्याबाई."

"आपून नदीच्या माघारी तिच्या घरी राहून राह्यलो. ते आली का गाठ सोडून निंगा लागते. खिळा काय दातानं उपटशीन?"

मला हसू आलं. मॅट्रिकच्या भूगोलात असं काही नव्हतं. मी मनात म्हटलं, अडाणी बाई. हातोडा मात्र त्यांच्या हातात होता, म्हणून मोठ्याने नाही म्हटलं.

ऐंशीचं दशक लागलं आणि आमचे सरपंच मुंबईला जाऊन आले. कशाला गेले होते ते कुणाला कळलं नाही, पण तिथे त्यांनी चौपाटी पाहिली. परत आले ते वेगळेच होऊन. पारावर बसून सांगत, "काय वारा, काय भेळ, काय लोकं! आन आपल्याकडे? नदी हाये, पन शोभा हाये का?" नदीला शोभा नाही हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना एकदम दिसायला लागलं.

ठरलं की गावाला चौपाटी करायची. काठावरच्या नीमाच्या झाडापासून पाण्यापर्यंतचा उतार सपाट करायचा, त्याला सिमेंटची भिंत, पायऱ्या, लोखंडी कठडा, बाक, आणि पुढच्या साली कठड्यापलीकडे आणखी भराव टाकून गार्डन. सभेत शाळेतले एक मास्तर उभे राहिले. पेपरात वाचलं होतं त्यांनी, की समुद्राच्या काठी फार बांधकामं व्हायला लागली म्हणून दिल्लीहून हुकूम निघाला आहे: भरतीच्या रेघेपासून पाचशे मीटरपर्यंत काही बांधायचं नाही. सरपंच हसले.

"मास्तर, आपल्याकडे समुद्र हाये का?"

"नाही."

"मंग कायदा कुठून आला?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या? गॉगलवालीने. समुद्र नाही म्हणून कायदा नको, चौपाटी मात्र हवी, हे वाक्य त्या दिवशी मला अगदी सरळ वाटलं. नंतर मीही बोलले. "स्त्रियांना मोकळ्या हवेत बसायला जागा हवी," असं काहीतरी. तीस बायका रोज वाडीत मोकळ्या हवेतच कंबर मोडून घेत होत्या, पण त्या बसलेल्या नव्हत्या, हा मुद्दा.

आत्याबाई सभेला मागे उभ्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "भिंत कोठी येते?"

"नीमापासून खाली, पाण्यापावतो."

"मंग पानी कोठी जाईन?"

"पाणी काय आत्याबाई, पाणी आपलं जातं खाली."

"खाली आपली वाडी हाये वं."

खरंच होती. भिंतीच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथे आत्याबाईंचा पट्टा. मी म्हटलं, "इंजिनिअर लोकं पाहतील." त्या काळी माझा इंजिनिअर लोकांवर फार विश्वास होता, कारण मी एकही पाहिलेला नव्हता.

पण एक अडचण निघाली. वरच्या बाजूला धरणाचं काम चाललं होतं, म्हणून खात्याची माणसं येऊन काठाकाठाने पुराची रेघ आखून गेली होती. ठरावीक अंतरावर दगड रोवले आणि त्यांना लाल ऑइलपेंट फासला. या दगडांच्या खाली पक्कं बांधकाम नाही, असा नियम. म्हणजे आत्याबाईंचा खिळ्याचाच नियम, फक्त पेंट लावलेला. आणि त्यातला एक दगड नेमका नीमाच्या बुडाशी. चौपाटी पूर्णच्या पूर्ण त्याच्या खाली.

आता दुसऱ्या गावात काय करतात ते मला ठाऊक नाही. दगड रात्री उपटून नदीत टाकत असतील. आमचं गाव श्रद्धाळू. नीमाखाली लाल दगड दिसला म्हणून चार बायांनी आधीच त्याला हळदकुंकू वाहायला सुरुवात केली होती. कुणी नारळही फोडला. सरपंचांनी हे पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना स्वप्न पडलं. देव स्वप्नात येऊन म्हणाला, "मले नदीच्या कडेले बसव. इथं ऊन लागते."

नीमाखाली ऊन लागतं! पण देवाशी वाद कोण घालणार?

मग काय विचारता. बॅन्ड आला. गुलाल उधळला. चार गड्यांनी दगड पहारीने उकरला, कापूर लावला, पाटावर ठेवला आणि वाजतगाजत खाली पाण्याच्या कडेला नेऊन बसवला. वर छोटी घुमटी. सरकारचा कायदा मिरवणुकीने खाली उतरला, आणि मिरवणुकीच्या पुढे डोक्यावर कळस घेऊन कोण? महिला मंडळाच्या अध्यक्ष. गॉगल देवाच्या कामाला बरा दिसत नाही म्हणून काढून कमरेला खोचलेला. एवढी अक्कल होती.

अलीकडचा आणि पलीकडचा दगड वर जागच्या जागी, आणि मधला खाली पाण्यात पाय सोडून. पुराची रेघ अशी आत वाकली, जणू नदीने सरपंचांना पाहून पोट आत ओढून घेतलं असावं.

काम सुरू झालं. सिमेंट बाहेरून आलं, रेती आमच्याच पात्रातून. भिंतीला पुरून उरली तेव्हा सरपंच म्हणाले, चौपाटी म्हटलं की वाळू पाहिजे. म्हणून पात्रातली रेती बैलगाड्यांनी वर चढवून सपाट केलेल्या जागेवर पसरली. नदीची रेती नदीतून काढून नदीच्या काठावर, समुद्र दिसावा म्हणून. गावातल्या मांजरांची मोठीच सोय झाली.

उद्घाटनाला आर्वीहून भेळवाला आणला. त्याच दिवशीचा तो फोटो. संध्याकाळी बाकावर बसून मी भेळ खाल्ली, डोळे मिटले, आणि लाटांचा आवाज येतो आहे असं स्वतःला बजावलं. डास चावत होते. पलीकडे कुणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या चेहऱ्यावर यायला पुढची काही वर्षं लागली.

भादव्यात पूर आला. फार मोठा नाही, नेहमीसारखाच. सगळे चौपाटीकडे धावले, भिंत पडते का पाहायला. भिंत हलली नाही. सरपंचांची छाती फुगली. "पाह्यलं? याले म्हणते काम!" मीही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची सवयच लागली होती.

पाणी ओसरल्यावर आत्याबाई नेहमीप्रमाणे धुतलेलं लुगडं काखोटीला मारून खाली गेल्या. मी कौतुकाने मागे गेले. वळणावर येऊन त्या थांबल्या. तिथे वाडी नव्हती. वाडीची जागाच नव्हती. आधी रेती उपसून पात्र खोल केलेलं, त्यात भिंतीवर आपटून उसळलेलं पाणी सगळं या वळणावर येऊन पडलं होतं. गाळ, रेती सगळं खरवडून नेलं. खाली नुसता काळा खडक, धुतलेल्या तव्यासारखा. आमचाच नाही, वळणावरच्या सगळ्या घरांचे पट्टे गेले होते.

आत्याबाईंनी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांच्याकडे साठा होता. पण त्या लुगडं हातात धरून उभ्या राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "टाकू कोठी?"

 इंजिनिअर लोकांचं नाव काढायची मला हिंमत झाली नाही.

नदी मात्र सगळंच नेत नाही. परत येताना दिसलं, की चौपाटीवर पाणी चढून थबकलं होतं, आणि जाताना पायऱ्यांवर, बाकांभोवती, त्या मांजरांच्या वाळूवर गुडघाभर गाळ टाकून गेलं होतं. काळाभोर, लोण्यासारखा. घुमटीतला देव गळ्यापर्यंत बुडालेला. सरपंचांनी दवंडी दिली, की सगळ्यांनी श्रमदानाला या, गाळ काढायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक फावडी घेऊन आले तर काय? पायऱ्यांवर, मधोमध, अख्खं नऊवारी लुगडं वाळत पडलेलं. शेजारी आत्याबाई तंबाखू मळत.

सगळे थांबले. त्या लुगड्याचा अर्थ गावात लेकराला सुद्धा ठाऊक होता.

"काकू," सरपंच म्हणाले, "लुगडं उचला. साफसफाई करा लागते."

"वाळू दे ना, बापू."

लुगडं वाळलं तोवर गाळही जरा वाळला, आणि फावडेवाले घरी गेले. दिवाळीनंतर आत्याबाईंनी पायऱ्यांवर आळी केली, बाकांच्या मधल्या जागेत काकडी लावली, कठड्याला तुराट्या टेकवून अंबाडीच्या दोराने मांडव बांधला. खाली नदीतून घागरीने पाणी घालायच्या. वळणावरच्या आणखी दोन बायांनाही त्यांनी दोन-दोन पायऱ्या दिल्या. वरच्या, जिथे गाळ पातळ होता. दानशूरपणातही बाई हिशेबी. पौष संपता संपता उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर दोडक्याचा वेल चढला. पाहुण्यांच्या नावापुढे दोन दोडकी लोंबत होती, पदव्यांसारखी.

महिला मंडळात मला तोंड दाखवायची लाज वाटे. मी आत्याबाईंना म्हटलं, "लोकं हसून राह्यले."

"हसू दे. भाजी घेते ना?"

आणि पंचायतीची नोटीस आली. नदीकाठी अतिक्रमण केल्याबद्दल. त्या काठावर इतकं सिमेंट ओतलं गेलं, पात्र उपसलं गेलं, दगड हलला. कायद्याने तोवर कूसही बदलली नव्हती. कायदा जागा झाला तो दोडक्याचा वेल पाहून.

नोटिशीच्या मागोमाग खात्याचे साहेब पाहणीला आले. सरपंच त्यांना घेऊन चौपाटीवर. सगळं गाव जमलं. आत्याबाई मांडवाखाली काकड्या तोडत होत्या, उठल्या नाहीत. आता त्यांच्याकडे पात्रातला पट्टा नव्हता. या पायऱ्या गेल्या असत्या तर उन्हाळ्यात आमच्या घरात विकायला काहीच नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

सरपंच म्हणाले, "साहेब, ह्या काकूनं नदीच्या जागेत अतिक्रमण केलं."

आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, मले एक सांगा. ही जागा नदीची का गावाची?"

साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी घुमटीकडे.

"नदीची असन, तं गाळात वाडी लावाचा रिवाज मा सासऱ्याच्या आज्यापासून हाये. मी एकबी खिळा ठोकला नाई. पाहून घ्या, सगळ्या गाठी हायेत. खिळे ह्या कठड्याले हायेत, थे कोणाचे थे ह्या सरपंचायले इचारा. आन जागा गावाची असन, तं नदीचा गाळ इथं काऊन आला? नोटीस नदीले द्या."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते पायऱ्या उतरून घुमटीपाशी गेले आणि वाकून देवाकडे पाहू लागले. शेंदराखाली एका कोपऱ्यात ऑइलपेंट दिसत होता. मग त्यांनी वर नीमाकडे पाहिलं, मग दोन्हीकडच्या दगडांकडे.

"हा दगड मुळात इथेच होता?"

लोक नदीकडे पाहू लागले. बॅन्डवाल्याचा भाऊ गर्दीत होता, तोही.

आत्याबाई म्हणाल्या, "देव हाये, साहेब. चालून आला. मा सूनबाईनं वाजतगाजत आनला. इचारा तिले."

सगळ्या माना माझ्याकडे. सरपंचांचे डोळे मोठे झालेले. साहेबांनी विचारलं, "काय हो बाई?"

भाषणं करणारी ती बाई, मोकळ्या हवेची, स्त्रियांच्या हक्काची. तिच्या तोंडून काय निघालं ते ऐका. "मी कळस घेऊन पुढे होते, साहेब. मागे काय आणत होते ते मला दिसलं नाही."

"खरं हाये," आत्याबाई म्हणाल्या. "इले मांगचं दिसत नाई. पुढचंबी कमीच दिसते. गॉगल घालते ना."

त्या दिवशी पहिल्यांदा सबंध गाव माझ्या तोंडावर हसलं, आणि त्या हशात साहेबसुद्धा होते. पण द्यायचं ते उत्तर माझ्याकडून दिलं गेलंच होतं: दगड आणला गेला होता, एवढं मी सगळ्यांदेखत सांगून बसले होते. साहेब म्हणाले, "पाहू." सरकारी "पाहू" म्हणजे डोळे मिटणे. जाताना आत्याबाईंनी त्यांच्या पिशवीत काकड्या घातल्या. तळाशी नासक्या दोन होत्या का, ते मी विचारलं नाही.

पुढे नोटिशीचं कुणी नाव काढलं नाही. वेलांचं माप घ्यायचं तर ते दगडापासून घ्यावं लागणार, आणि दगडाचं माप कुणालाच नको होतं. त्याच कारणाने गार्डनही व्हायचं राहून गेलं. भिंत राहिली, देव पाण्याकाठी राहिला, वळणावरचा खडक राहिला. तिथे गाळ पुन्हा बसला नाही. वळणावरची दोन घरं वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेला गेली, दुसऱ्यांच्या बंगल्यातली झाडं जगवायला. आत्याबाईंना पायऱ्या मिळाल्या, त्याही पुराच्या मर्जीवर. ज्या साली पाणी वर चढत नसे त्या साली त्या लुगडं घरीच वाळत टाकत आणि दिवसभर कुणाशी बोलत नसत.

दशक संपता संपता नात्यातल्या एका लग्नाला मी मुंबईला गेले आणि एकदाचा समुद्र पाहिला. खरी चौपाटी, खरी भेळ. वारा होता, हे कबूल. काठाने भिंत होती, रस्ता होता, भिंतीला टेकून उंच उंच इमारती. लोक पाण्याकडे पाहत होते, मी इमारतींच्या बुडाशी पाहत होते. सोबतच्या बायका म्हणाल्या, "काय शोधून राहिल्या?" मी म्हटलं, "काही नाही." लाल दगड शोधत होते, हे काय सांगणार?

परत आले तेव्हा आत्याबाई पायरीवर बसून मांडवाचा सैल झालेला दोर आवळत होत्या. डोळ्यांनी कमी दिसत होतं, गाठ बोटांनी चाचपत होत्या.

"कसा हाये समुद्र?"

"भल्ला मोठा, आत्याबाई."

"काठाले काय हाये?"

"भिंत हाये. रस्ता हाये. मोठमोठ्या बिल्डिंगा."

त्यांनी गाठ दाताने ओढून घट्ट केली.

"मंग तिथं वाडी कोणाची होती वं?"

मी भेळ खाऊन आले होते. ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं.